मूळ नाताळ कुठला?

(धागा बराच मोठा आहे. सवडीने वाचावा.)

१. गेल्या डिसेंबरात आमच्या वसतिगृहाच्या भोजनगृहात घडलेला एक लहानसा प्रसंग. माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. घरून परतताना तिने डबाभर करंज्या आणल्या होत्या, नाताळच्या फराळाच्या. डबा टेबलावर फिरत असताना एक सहाध्यायी हसत म्हणाला, "या तर आपल्या दिवाळीच्या करंज्या! तुमचा खरा ख्रिसमस तिकडे, बर्फात. इथे चालते ती नक्कल." चारजण हसले. तीही हसली, डब्याला झाकण लावले आणि परीक्षेचा विषय काढला. इतिहास शिकणाऱ्या मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा धागा म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

२. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता, हे मी जाणून आहे. पण त्या वाक्यात दोन गृहीतके होती. एक, नाताळचे कुठेतरी एक अस्सल रूप आहे आणि ते युरोपात आहे. दुसरे, बाकीच्या जगात जे दिसते ती त्याची कमीअधिक बिघडलेली प्रत. दर डिसेंबरात फिरणाऱ्या 'देशोदेशीचे गमतीदार नाताळ' छापाच्या याद्या हीच गृहीतके पक्की करतात. जपानमध्ये तळलेली कोंबडी, फिलिपिन्समध्ये सप्टेंबरपासून रोषणाई, रशियात जानेवारीत नाताळ. यादीतला प्रत्येक वेगळेपणा हा जणू कुणाचा तरी विक्षिपतपणा!

३. माझे म्हणणे असे आहे की यांतील प्रत्येक वेगळेपणाला सन आहे आणि कारण आहे. कुठे ते कारण कालगणनेत आहे, कुठे राजसत्तेच्या हुकुमात, तर कुठे शेतमजुराच्या कामाच्या वेळात. आणि ही कारणे पाहत मागे मागे गेले, की 'मूळ' म्हणून बोट ठेवावे असे एकही ठिकाण हाती लागत नाही. सुरुवात थेट जन्मस्थानापासूनच करू.

४. बेथलेहेम. ज्या गावी येशूचा जन्म झाला असे ख्रिस्ती परंपरा मानते, त्या गावी नाताळ तीनदा साजरा होतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट २५ डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि इतर काही पौर्वात्य मंडळी ७ जानेवारीला, तर आर्मेनियन ख्रिस्ती १९ जानेवारीला. जन्मस्थानावरचे प्राचीन चर्च या तिन्ही परंपरांच्या सामायिक ताब्यात आहे. कोणी कुठे दिवा लावायचा, कोणी कुठला भाग झाडायचा, याच्या वाटण्या जुन्या वहिवाटीने ठरलेल्या आहेत. खुद्द जन्मगावीच एक तारीख नाही, तर 'खरा' नाताळ शोधायला आणखी कुठे जावे?

५. या तीन तारखांमागे श्रद्धेचे भांडण कमी आणि गणिताचे अधिक आहे. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जुनी ज्युलियन कालगणना सुधारली आणि दहा दिवस गाळले. पोपचा अधिकार न मानणाऱ्या चर्चनी ही सुधारणा स्वीकारली नाही. आज दोन्ही गणनांत तेरा दिवसांचे अंतर आहे. म्हणजे ७ जानेवारीला नाताळ करणारा माणूस आपल्या धार्मिक पंचांगानुसार २५ डिसेंबरलाच नाताळ करत असतो! आर्मेनियन चर्चने मात्र जन्म आणि बाप्तिस्मा यांचा एकत्र सण ६ जानेवारीला पाळण्याची पूर्वेकडील जुनी रीत टिकवली. इतरत्र आर्मेनियन तो त्याच दिवशी करतात. बेथलेहेममध्ये जुनी कालगणना चालते, म्हणून तिथे १९ तारीख येते.

६. बरे, मग धर्मग्रंथ काय सांगतो? तारखेबाबत काहीच नाही. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत जन्मकथा येते. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत ती नाहीच. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आहेत, पण ते तीन होते असे तो म्हणत नाही. लूकच्या कथेत मेंढपाळ आहेत, ज्ञानी पुरुष नाहीत. आपण गोठ्याच्या देखाव्यात ही सगळी मंडळी शेजारी शेजारी मांडतो, तेव्हा दोन वेगळ्या कथा आपल्या हातांनी जोडत असतो.

७. २५ डिसेंबर ही तारीख प्रथम स्पष्टपणे आढळते ती ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात. येशूनंतर तीन शतकांहून अधिक काळाने. 'ती सूर्यपूजकांच्या सणावरून उचलली' हे वाक्य समाजमाध्यमांवर सिद्ध सत्यासारखे फिरते. अभ्यासकांत मात्र त्यावर एकमत नाही. येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली असे मानून तिथून नऊ महिने मोजले गेले, असाही एक तितकाच गंभीर तर्क आहे. 'चोरलेला सण' म्हणणारे आणि 'शुद्ध सण' म्हणणारे दोघेही पुराव्यापेक्षा अधिक खात्रीने बोलत असतात.

८. आता जरा दक्षिणेकडे. इथिओपियात अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. इंग्लंडमधील कँटरबरीला पोपने पाठवलेला ऑगस्टीन पोहोचला ५९७ साली. म्हणजे इथिओपियाचे राजघराणे ख्रिस्ती झाले, त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने. इथिओपियातील नाताळाला 'गेन्ना' म्हणतात. त्याआधी त्रेचाळीस दिवसांचा उपवास असतो. लालिबेलाच्या कातळात कोरलेल्या चर्चांभोवती पांढऱ्या वस्त्रांतील यात्रेकरू जमतात. त्या दिवशी काठ्या-चेंडूचा एक खेळ खेळतात, त्याचेही नाव गेन्नाच. ना बर्फ, ना सूचिपर्णी झाड. याला कोणाची नक्कल म्हणायचे?

९. तारखेचा प्रश्न जुनापुराणा वाटत असेल, तर २०२३ पाहा. युक्रेनने त्या वर्षी जुलैमध्ये कायदा करून नाताळची सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला नेली. रशियाच्या वारशापासून दूर जाणे हा त्यामागचा उघड हेतू होता. लोक तेच, प्रार्थना बहुतांशी त्याच. युद्धाने तारीख बदलली. पन्नास वर्षांनी एखादी यादी लिहिणारा लिहील की 'युक्रेनी लोक रशियनांपेक्षा तेरा दिवस आधी नाताळ करतात', आणि वाचणाऱ्याला ती गंमत वाटेल.

१०. आता त्या 'बर्फातल्या' नाताळाकडे येऊ. आपल्या कल्पनेतला नाताळ बराचसा इंग्रजी पुस्तकांतून आलेला आहे, म्हणून इंग्लंडच घेऊ. जून १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने अध्यादेश काढून नाताळ रद्द केला. त्यासोबत ईस्टर आणि पेंटेकॉस्टही गेले. प्युरिटन पंथीयांचा युक्तिवाद सरळ होता: या सणाला बायबलचा आधार नाही, तो रोमन कॅथलिक अवशेष आहे आणि त्यानिमित्ताने लोक दारू पिऊन धिंगाणा घालतात. बदल्यात नोकरचाकर आणि शिकाऊ कामगारांना दर महिन्याचा दुसरा मंगळवार सुट्टीचा दिला. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनाही सुट्टीचा हिशेब चुकला नव्हता.

११. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीच्या नगराध्यक्षाने बाजार नेहमीप्रमाणे भरवण्याचे फर्मान काढले. थोड्या दुकानदारांनी दुकाने उघडली. जमावाने त्यांचा माल रस्त्यावर फेकला. दारांवर हॉलीच्या हिरव्या डहाळ्या लागल्या. रस्त्यात चेंडू खेळले गेले. दंगल झाली. पुढच्या वर्षी आरोपींवर खटला भरायचा म्हटले तर ज्यूरीने आरोप ठेवण्यासच नकार दिला. त्यातूनच केंट परगण्यातले १६४८ चे बंड पेटत गेले. बंदी अधिकृतपणे संपली ती १६६० मध्ये, दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यावर.

१२. अटलांटिकपलीकडे हेच प्युरिटन विचार घेऊन गेलेल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो नियम १६८१ मध्ये उठला. स्कॉटलंडमध्ये चर्चचा विरोध इतका खोलवर रुजला की नाताळचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा व्हायला १९५८ साल उजाडले. तिथे जुन्या वर्षाला निरोप देण्याचा 'हॉगमनी' हाच मोठा उत्सव झाला, त्याचे एक कारण हे आहे. म्हणजे बर्फ होता, झाडे होती, ख्रिस्ती लोक होते; नाताळ नव्हता.

१३. मग भेटकार्डांवरचा तो नाताळ आला कुठून? बहुतांशी एकोणिसाव्या शतकातून. १८२३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात रेनडियरांची गाडी घेऊन येणाऱ्या सेंट निकोलसची कविता छापली गेली. १८४३ मध्ये डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरोल' आले. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन पती आल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असलेले चित्र छापले. झाडाची रीत मूळची जर्मन. १८५० मध्ये अमेरिकेतील एका मासिकाने तेच चित्र पुन्हा छापले. फक्त राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा काढून टाकल्या, म्हणजे ते कुटुंब अमेरिकन वाटावे!

१४. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, चित्रकार थॉमस नास्ट यांनी सांताक्लॉजला उत्तरेकडील सैन्याच्या छावणीत भेटी वाटताना दाखवले; अंगावर तारे आणि पट्टे असलेला पोशाख. आणि ज्या संत निकोलसवरून हा सांता घडला तो होता आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावचा बिशप. तुर्कस्तानातला संत, डच वसाहतकऱ्यांनी नेलेले त्याचे नाव, अमेरिकन कविता आणि युद्धकाळातले चित्र: आपला सहाध्यायी ज्याला 'अस्सल' म्हणत होता त्याचा हा गोतावळा. त्यात उणे काही नाही. सण असेच घडतात. पण मग वसईच्या करंजीलाच दाखला का मागायचा?

१५. आतापर्यंत कालगणना आणि सत्ता पाहिली. तिसरे कारण श्रमाचे, आणि ते याद्यांत जवळजवळ कधीच येत नाही. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की दक्षिण अमेरिकन संस्थानांत नाताळ ते नववर्ष हे दिवस गुलामांना सुट्टीचे असत आणि मालक त्यांना मुद्दाम भरपूर दारू पाजत. डग्लस यांच्या मते ही सुट्टी म्हणजे दयेचा देखावा होता: कोंडलेली वाफ सोडून देण्याची आणि स्वातंत्र्याचीच शिसारी आणण्याची युक्ती.

१६. पण हीच सुट्टी मालकांवर उलटूही शकत असे. जमैकात सॅम्युएल शार्प हा गुलामीतला बाप्टिस्ट धर्मसेवक होता. त्याने १८३१ च्या नाताळसाठी बेत आखला: सुट्टी संपल्यावर कोणीही उसाच्या मळ्यात परतायचे नाही, मजुरी मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. २७ डिसेंबरच्या रात्री मळ्यांना आगी लागल्या आणि संपाचे बंड झाले. बेटावरच्या सुमारे तीन लाख गुलामांपैकी साठ हजारांपर्यंत लोक त्यात उतरले असे मानतात. बंड चिरडल्यावर तीनशेहून अधिक जणांना देहदंड झाला. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी दिली. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. त्याला बळ देणाऱ्या घटनांत या बंडाची गणना होते. इतिहासात त्याला 'नाताळचे बंड' असेही म्हणतात.

१७. उसाचा आणि नाताळचा संबंध इथेच संपत नाही. जमैकाच्या शेजारच्या क्यूबात फिदेल कॅस्ट्रो सरकारने १९६९ मध्ये नाताळची सुट्टी रद्द केली. कारण असे दिले की एक कोटी टन साखरेचे उद्दिष्ट गाठायचे आहे आणि डिसेंबर म्हणजे ऊसतोडणीचा काळ. उद्दिष्ट गाठले गेले नाही. सुट्टी मात्र जवळजवळ तीन दशके परत आली नाही. जानेवारी १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे येणार म्हणून १९९७ च्या डिसेंबरात ती पुन्हा दिली गेली आणि पुढे कायम झाली.

१८. सोव्हिएत संघात १९२०च्या दशकाच्या अखेरीस नाताळवर आणि सजवलेल्या झाडावर धर्मविरोधी मोहीम चालली. मग डिसेंबर १९३५ मध्ये 'प्रावदा'त पक्षनेते पावेल पोस्तिशेव यांचे पत्र छापून आले: मुलांना झाडाचा आनंद द्या. झाड परतले, पण नववर्षाचे झाड म्हणून. टोकावरचा बेथलेहेमचा तारा गेला आणि लाल पाचकोनी तारा आला. आज रशियात नववर्ष हाच घराघरांतला मोठा सण आहे आणि ७ जानेवारीचा नाताळ त्यामानाने शांत, चर्चपुरता. ती 'रशियन गंमत' म्हणजे एका सत्तेने केलेल्या फेरबदलाची खूण आहे.

१९. फिलिपिन्सकडे पाहू. १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे मिस्सा असते, तिला 'सिंबांग गाबी' म्हणतात. शेतकऱ्यांना उजाडण्यापूर्वी प्रार्थना आटोपून शेतावर जाता यावे म्हणून ही वेळ ठरली, असे तिथली परंपरा सांगते. चर्चच्या दाराशी तांदळाचे गरम पदार्थ विकायला असतात, त्यांत 'बिबिंका' नावाचा भाजलेला तांदळाचा केक. (गोव्याच्या बेबिंकशी नावाचे साम्य पाहावे, पदार्थ वेगळा आहे.) आणि १९७५ च्या एका हुकुमाने कामगाराला 'तेराव्या महिन्याचा' पगार २४ डिसेंबरपूर्वी देणे मालकांवर बंधनकारक आहे. परदेशी राबणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या खोक्यांची लगबगही याच दिवसांत असते. कामावरची माणसे आणि घरची माणसे यांच्यातले अंतर मोजणारा हा नाताळ आहे.

२०. आणि जपानची ती प्रसिद्ध कोंबडी. तिथे १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी होती, ती १८७३ मध्ये सैल झाली. आजही ख्रिस्ती लोक एका टक्क्याच्या आसपास आणि २५ डिसेंबरला सरकारी सुट्टी नाही. अशा देशात केंटकी फ्राइड चिकनने १९७४ मध्ये नाताळनिमित्त देशभर जाहिरात केली आणि ती रूढ झाली. सोबत मलई आणि स्ट्रॉबेरीचा केक. हा सण बाजाराने घडवला, हे खरे. पण व्हिक्टोरियन लंडनमधील भेटकार्डे आणि सचित्र अंक तरी बाजारातच विकले जात होते ना?

२१. इथे एक आक्षेप मला रास्त वाटतो. श्रद्धावान ख्रिस्ती म्हणेल, "तारखा, झाडे, पदार्थ बदलले तरी आमच्यासाठी जन्माची कथा एकच आहे. तुम्ही तिलाच विरघळवता आहात." तसे मला करायचे नाही. कथेचा गाभा श्रद्धेचा विषय आहे आणि इतिहासाने तिथे नम्र असावे. मी बोलते आहे ते त्या गाभ्याभोवतीच्या रीतींबद्दल. आणि माझ्या वाचनात आले ते असे की गाभा जपणाऱ्या माणसांनी रीती सहसा आपल्या अंगणातल्याच वापरल्या. दुसऱ्याच्या रीतीवर 'खोटी' असा शिक्का मारण्याची घाई बहुधा त्यांना होती, ज्यांना लोकांच्या जगण्यावर हुकूम चालवायचा होता.

२२. आता आपल्या घरी. 'नाताळ' हा शब्दच पाहा. तो पोर्तुगीज 'नाताल'वरून मराठीत आला. इंग्रजीशी त्याचा संबंध नाही. म्हणजे या सणाला मराठीने आपले नाव दिले ते इंग्रजी राज्य इथे येण्याआधीच्या संपर्कातून. आणि नाव एकटे आले नाही. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याच्या मायदेशी तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंना जिवाचे भय होते. तो इथली भाषा शिकला आणि मराठी ओवी छंदात, कोंकणी वळणाच्या मराठीत, 'ख्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये ते सासष्टीतल्या राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

२३. हे दोन सन शेजारी मांडून पाहा. १६१६ मध्ये ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत छापून झाली होती. १६४७ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी, लंडनच्या पार्लमेंटने नाताळ रद्द केला. कँटरबरीत नाताळ पाळणारे लाठ्या खात होते, तेव्हा सासष्टीत ती कथा मराठीत गायिली जावी म्हणून लिहिलेला ग्रंथ तीन दशके जुना झाला होता. ज्याला आपण 'खरा' म्हणतो त्या इंग्रजी नाताळाचे झाड, कार्ड आणि सांता तर आणखी दोन शतके दूर होते. नक्कल आधी आणि अस्सल मागाहून, असे कसे होईल?

२४. पण एक गोष्ट लपवून हे उत्तर देता येणार नाही. गोव्यातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास ओव्यांइतकाच बळजबरीचाही आहे. सासष्टीतील देवळे पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन होते, स्थानिक रीतींवर बंधने आली, १६८४ मध्ये तर स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान निघाले. हे लिहिल्याशिवाय 'ख्रिस्तपुराणा'चे कौतुक करणे अर्धवट ठरेल. मात्र त्या बळजबरीचा जाब चार शतकांनंतर करंज्यांचा डबा घेऊन आलेल्या मुलीला विचारणे हा न्याय नव्हे. त्या रीती ज्यांच्याकडून हिरावायच्या होत्या, त्यांच्याच स्वयंपाकघरांत त्या टिकल्या. गोव्यात नाताळच्या ताटात 'नेवरी' असते. ती आपली करंजीच.

२५. वसईचे तेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती गावे राहिली, आपल्या सामवेदी आणि वाडवळी बोलींसह. त्यांना इथे टिकवून ठेवायला मागे कोणतेही परके राज्य उरले नव्हते. तिकडे नगरच्या बाजूला, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक अभंगांतून ख्रिस्तभक्ती गात होते. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि जानेवारी २०२० मध्ये वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीलाही 'हे आपले का?' असे विचारणारे होतेच.

२६. तेव्हा माझे मत थोडक्यात असे. 'मूळ रूप' हा सणाच्या इतिहासातला दुबळा आणि घातक निकष आहे. दुबळा, कारण पुराव्याच्या कसोटीवर तो बेथलेहेममध्येही टिकत नाही. घातक, कारण तो हाती घेतलेल्यांनी कधी दंड लावले, कधी दुकाने उघडायला लावली, आणि आज तो शेजाऱ्याला 'तू इथला नाहीस' हे हसत हसत सांगण्याच्या कामी येतो. हाच निकष उद्या कोणी आपल्या सणांना लावला तर? गणेशोत्सवाचे आजचे सार्वजनिक रूप १८९० च्या दशकातले आहे. म्हणून तो कमी आपला ठरतो का?

२७. पुढच्या वेळी 'देशोदेशीचे गमतीदार नाताळ' दिसले, तर प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारून पाहा. इथे कोणाची कालगणना चालते? इथे सुट्टी कोणी दिली किंवा कोणी काढून घेतली? आणि त्या दिवशी कामावर कोण होते? एवढ्याने गंमत कमी होत नाही. उलट त्या ओळीमागची माणसे दिसू लागतात.

२८. मैत्रिणीला हा धागा लिहिण्यापूर्वी विचारले, तो प्रसंग लिहू का म्हणून. ती म्हणाली, लिही, पण एक दुरुस्ती कर. करंज्यांचे सारण दिवाळीसारखे नव्हते. तिच्या आजीच्या हातचे होते, आणि आजी ते दिवाळीत शेजारी पाठवते तेव्हा शेजारच्या काकूंच्या करंज्या नाताळला त्यांच्या घरी येतात. दोन्ही घरांत कोणाची पद्धत कोणी घेतली हे आता कोणालाच आठवत नाही. यंदा ती दोन डबे आणणार आहे. त्या सहाध्यायालाही बोलावले आहे.

धागा इथे संपतो. सन किंवा तपशील चुकला असल्यास पुराव्यासह जरूर सांगावे, दुरुस्त करीन. आपापल्या गावच्या नाताळच्या आठवणीही खाली लिहाव्यात. विशेषतः वसई, उत्तन, नगर, सावंतवाडी आणि गोव्याकडच्या वाचकांनी.